जहाजावर न चढलेला नौसैनिक आणि अ‍ॅस्बेस्टॉस : दाव्याची सुरुवात कुठून करायची

अमेरिकी नौदलात नोकरी केलेला, पण सगळी वर्षं किनाऱ्यावरच्या तळावर काढलेला माणूस सत्तरीत दम लागतो म्हणून डॉक्टरकडे जातो. छातीच्या फोटोत फुफ्फुसांच्या खालच्या भागात जाळी दिसते. डॉक्टर विचारतात, "अ‍ॅस्बेस्टॉसशी कधी संबंध आला होता?" तो म्हणतो, "छे, मी जहाजावर कधी नव्हतोच." डॉक्टर 'नाही' असं टिपून घेतात, आणि तो 'नाही' पुढे कागदोकागदी त्याच्या मागे लागतो.

मी अशा कुटुंबांबरोबर बसून त्यांच्या आठवणी लिहून घेते, कागद लावून देते. माजी सैनिक खात्याकडे भरपाईचा दावा भरून देण्याचा अधिकार मला नाही. तो मान्यताप्राप्त प्रतिनिधींचा, आणि त्यांच्याबद्दल पुढे लिहिलंच आहे. पण त्यांच्याकडे जाण्याआधी घरी बसून करण्यासारखं बरंच असतं, आणि नेमकं तेच राहून जातं. तुमचे सासरे, नवरा, शेजारी किंवा तुम्ही सांभाळत असलेला रुग्ण अमेरिकी नौदलाच्या तळावर होता आणि तुम्ही या विषयात नवे आहात, असं धरून हे लिहिते आहे.

तळावर अ‍ॅस्बेस्टॉस होतं कुठे

अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे उष्णता रोखणारं तंतुमय खनिज. ते कुठे होतं हे आधी समजून घ्या, कारण यावरच पुढचे सगळे प्रश्न विचारायचे आहेत.

मोठा तळ म्हणजे एक छोटं गावच. एका बॉयलर हाउसमध्ये वाफ तयार व्हायची आणि डोक्यावरून किंवा जमिनीखालच्या बोगद्यांतून जाणाऱ्या नळांनी ती बराकी, भोजनगृह, इस्पितळ, धुलाईघर, कार्यशाळा अशी सगळीकडे पोचायची. त्या नळांवर उष्णता टिकवणारं जाड वेष्टण असायचं. कामगार त्याला लॅगिंग म्हणत. नौदलाच्या लॅगिंगमध्ये अ‍ॅमोसाइट या जातीचं अ‍ॅस्बेस्टॉस फार वापरलं गेलं. एखादी झडप गळायला लागली की जुनं लॅगिंग हातोडीने फोडून काढायचं, दुरुस्ती करायची आणि मग बादलीत अ‍ॅस्बेस्टॉसची कोरडी पूड पाण्यात कालवून तो लगदा हाताने लिंपायचा. पूड ओतताना उडणारा पांढरा धुरळा ज्यांनी पाहिला आहे, ते पन्नास वर्षांनंतरही तो विसरत नाहीत. झडपांच्या आत दोरीसारखं पॅकिंग आणि जोडांवर गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारी पातळ चकती असायची. जुनं गॅस्केट चिकटून बसलं की ते तारेच्या ब्रशने खरवडून काढत.

बराकी आणि कचेऱ्यांच्या जमिनीवर नऊ इंची चौकोनी फरशा असत. त्या काळातल्या तशा बहुतेक फरशांत अ‍ॅस्बेस्टॉस असे, खालच्या काळ्या चिकटद्रव्यातही असे. शाबूत फरशीचा त्रास नसतो. ती तुटली, घासली, यंत्राने तासली की तंतू सुटतात. छतावर आणि भिंतींवर अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे असत. भोकं पाडताना किंवा करवतीने कापताना त्यांची धूळ उडे. गाड्यांच्या कार्यशाळेत ब्रेक आणि क्लच यांच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस, आणि ड्रममधली धूळ दाबाच्या हवेने फुंकून काढण्याची पद्धत. विमानांच्या हँगरमधल्या ब्रेकचीही तीच कथा.

शिवाय गोद्या आहेत. नॉरफोक, प्यूजेट साउंड, पर्ल हार्बर, मेअर आयलंड, फिलाडेल्फिया, चार्ल्सटन, लाँग बीच, हंटर्स पॉइंट. इथल्या नौसैनिकाची नेमणूक कागदावर 'किनारी' असली, तरी धक्क्याला लावलेल्या जहाजाचं पोट फाडून लॅगिंग बाहेर काढण्याचं काम शेजारीच चालू असे. मेअर आयलंड, फिलाडेल्फिया आणि चार्ल्सटन १९९६ मध्ये बंद झाल्या, हंटर्स पॉइंट त्याच्या कितीतरी आधी, १९७४ मध्ये.

काळाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. अ‍ॅस्बेस्टॉसच्या उष्णतारोधकाचं काम करणाऱ्या कामगारांवरचं डॉ. आयर्व्हिंग सेलिकॉफ यांचं संशोधन १९६४ मध्ये गाजलं, आणि सत्तरच्या दशकात नौदलाने नव्या कामातला अ‍ॅस्बेस्टॉसचा वापर हळूहळू कमी केला. पण आधी बसवलेलं लॅगिंग आणि फरशा इमारतींमध्येच राहिल्या. त्यामुळे १९८० किंवा १९९० च्या दशकात जुनी बराक पाडायला किंवा दुरुस्त करायला पाठवलेला नौसैनिकही या यादीत येतो. "मी तर नंतरचा" हे उत्तर ऐकून थांबू नका.

आधी डॉक्टर

दाव्याच्या फॉर्मकडे धावण्याआधी निदान पक्कं करून घ्या. निदानाशिवाय दावा टिकत नाही, आणि माणसाच्या प्रकृतीसाठीही तेच आधी हवं.

अ‍ॅस्बेस्टॉसमुळे चार वेगवेगळ्या गोष्टी होऊ शकतात आणि त्यांची गल्लत होते. फुफ्फुसाच्या आवरणावर नुसते जाड चट्टे येतात, त्यांनी सहसा त्रास होत नाही, पण ते संपर्काची खूण म्हणून मोलाचे असतात. अ‍ॅस्बेस्टोसिसमध्ये फुफ्फुसच ताठर होत जातं. दम लागतो, कोरडा खोकला येतो, आणि डॉक्टरांना पाठीवर खालच्या बाजूला चुरचुर आवाज ऐकू येतो. तिसरा फुफ्फुसाचा कर्करोग. धूम्रपान आणि अ‍ॅस्बेस्टॉस एकत्र आले की त्याचा धोका दोन्हींच्या बेरजेपेक्षाही जास्त वाढतो. चौथा मेसोथेलिओमा, फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. त्याचा धूम्रपानाशी संबंध नाही. संपर्कानंतर तो उगवायला वीस ते पन्नास वर्षं लागतात. विशीतल्या नोकरीचा हिशेब सत्तरीत पुढे येतो, तो असा.

डॉक्टरांना स्वतःहून सांगा : "हे नौदलाच्या तळावर होते, वाफेच्या नळांवर काम केलं आहे." मग साध्या एक्स-रेवर न थांबता उच्च विभेदनाचा सीटी स्कॅन आणि फुफ्फुसांची क्षमता मोजणारी पूर्ण चाचणी होते का ते पाहा. या चाचणीत एफव्हीसी (जोराने सोडलेल्या पूर्ण श्वासाचं माप) आणि डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो याचं माप) हे दोन्ही आकडे आले पाहिजेत. भरपाईसाठीची अपंगत्वाची टक्केवारी पुढे त्यांच्यावरच ठरते, आणि डीएलसीओ पुष्कळदा राहून जातो.

माणूस अजून सिगारेट ओढत असेल तर ती आजच बंद व्हायला हवी. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घेतली आहे का, तेही विचारा. अ‍ॅस्बेस्टोसिस बरा करणारं औषध नाही, त्यामुळे उरलेली क्षमता जपणं हेच खरं काम.

माजी सैनिक खात्याच्या, म्हणजे व्हीएच्या, आरोग्यसेवेत नाव नोंदलेलं असेल तर विषारी संपर्काची चाचपणी मागून घ्या. १० ऑगस्ट २०२२ रोजी सही झालेल्या पॅक्ट कायद्यामुळे ती नोंदणी असलेल्या प्रत्येक माजी सैनिकाला किमान पाच वर्षांतून एकदा मिळते. पाच-दहा मिनिटांची प्रश्नावली असते. तिथे अ‍ॅस्बेस्टॉसचं नाव नोंदवलं गेलं की ते कायमचं नोंदीत राहतं.

आठवणींची वही

माझ्या मते सगळ्या दाव्याचं बळ इथे आहे, म्हणून इथे घाई करू नका.

व्हीएला तीन गोष्टी लागतात : आजचा आजार, नोकरीतला संपर्क, आणि या दोहोंना जोडणारं वैद्यकीय मत. जहाजावरच्या बॉयलरमनचा संपर्क फारसा कोणी अडवत नाही, त्याच्या हुद्द्यावरूनच तो कळतो. किनाऱ्यावरच्या माणसाला मात्र तळाचं नाव सांगून भागत नाही. तळ हजारो एकरांचा असतो आणि त्यावर हजारो माणसं असतात. तिथे तुमच्या माणसाने हाताने काय केलं, कुठल्या इमारतीत, किती दिवस, हे सांगावं लागतं.

एक साधी वही घ्या आणि रोज अर्धा तास बसा. "अ‍ॅस्बेस्टॉस होतं का?" असा प्रश्न विचारूच नका, उत्तर 'नाही' येईल. त्यांना त्या वस्तूचं नाव तेव्हा कोणी सांगितलेलंच नव्हतं. विचारा : सकाळी उठून कुठे जायचात? खोलीत वरून नळ जात होते का? त्यांच्यावरचं कापड फाटलेलं होतं का? जमिनीवर काय होतं? शनिवारी साफसफाई काय काय करायचात? भिंत, छत, नळ यांपैकी काही फोडताना पाहिलंत का? कपड्यांवर पांढरी भुकटी बसायची का? तोंडावर मास्क होता का?

एका आजोबांनी मला ठामपणे सांगितलं होतं की ते फक्त भांडारात कारकून होते. तिसऱ्या दिवशी बोलता बोलता निघालं की भांडार बॉयलर हाउसच्या भिंतीला लागून होतं, गॅस्केटचे मोठे पत्रे मागणीप्रमाणे तेच कापून द्यायचे, आणि एका हिवाळ्यात कामगार कमी पडले म्हणून सहा आठवडे त्यांना नळ उघडे करायला पाठवलं होतं. हे सगळं त्यांच्या दृष्टीने सांगण्यासारखं नव्हतंच.

लिहिताना आठवण आणि अंदाज वेगळे ठेवा. साल आठवत नसेल तर "मुलगी व्हायच्या आधीचा हिवाळा" असंच लिहा, नंतर तारखेला लावता येतं. नसलेलं काही घालू नका. एक फुगवलेलं वाक्य सापडलं की बाकीच्या दहा खऱ्या वाक्यांवरचाही विश्वास उडतो.

मग साथीदार शोधा. त्याच बराकीत राहिलेला, त्याच कार्यशाळेत असलेला एकजण जरी भेटला तरी त्याचं सहीचं निवेदन फार कामाचं असतं. त्यासाठी २१-१०२१० हा फॉर्म आहे. बायकोचंही निवेदन चालतं : कपडे कसे यायचे, ती झटकून धुवायची का. आणि हे लिहिताना तिचाही विचार करा. घरी आलेल्या धुळीनेही मेसोथेलिओमा होतो. व्हीए तिच्या आजाराची भरपाई देत नाही, पण तिच्या डॉक्टरांना हे माहीत असायलाच हवं.

कागद

पहिला कागद डीडी २१४, नोकरीतून मुक्त झाल्याचा दाखला. तो हरवला असेल तर एसएफ १८० या फॉर्मने सेंट लुईसच्या राष्ट्रीय सैनिकी नोंद केंद्राकडून मागवता येतो. तिथे १२ जुलै १९७३ ला लागलेल्या आगीत एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख फायली जळाल्या, ही गोष्ट ऐकून पुष्कळ कुटुंबं हताश होतात. पण त्या फायली भूदलाच्या आणि हवाई दलाच्या होत्या. नौदलाच्या वाचल्या. तेव्हा मागवा.

डीडी २१४ वर समुद्रसेवेच्या रकान्यात शून्य दिसलं तर घाबरू नका. ते शून्य फक्त जहाजाबद्दल बोलतं. त्या एका पानावर समाधान मानू नका, पूर्ण वैयक्तिक फाइल मागवा. त्यात नेमणुकांचे आदेश असतात आणि, माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी, वरिष्ठांनी लिहिलेले कामाचे वार्षिक शेरे असतात. "इमारत अमुकच्या वाफेच्या वाहिन्यांची दुरुस्ती वेळेत केली" असं कौतुकाचं एक वाक्य त्यात सापडलं, तर दाव्याचा कणा मिळाला.

नौदलात कामाच्या प्रकाराला रेटिंग म्हणतात. व्हीएकडे कुठल्या रेटिंगला अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्काची शक्यता किती, याचा तक्ता आहे : किमान, संभाव्य, अतिसंभाव्य. बॉयलर टेक्निशियन, हल मेंटेनन्स टेक्निशियन ही उघड नावं. किनाऱ्यावरच्या माणसांसाठी सीबीज, म्हणजे १९४२ मध्ये उभारलेल्या बांधकाम बटालियनची रेटिंग्ज नीट पाहा : युटिलिटीजमन बॉयलर आणि नळकाम सांभाळत, बिल्डर भिंती आणि छतं बांधत, कन्स्ट्रक्शन मेकॅनिक गाड्यांचे ब्रेक उघडत. रेटिंग तक्त्यात खालच्या पायरीवर असलं तरी दावा संपत नाही. वहीतल्या नोंदी आणि साथीदाराचं निवेदन तिथेच कामाला येतात.

तळ बंद झालेला असेल तर आणखी एक वाट आहे. बंद केलेल्या तळांची जमीन दुसऱ्याला देण्याआधी इमारतींची पर्यावरण पाहणी झाली आणि तिचे अहवाल सार्वजनिक आहेत. इमारतीचा क्रमांक माहीत असेल तर त्या इमारतीत अ‍ॅस्बेस्टॉस नोंदलं गेलं होतं का, ते तिथे शोधता येतं. म्हणून वहीत इमारतींचे क्रमांक लिहायचा आग्रह धरा. माणसं नावं विसरतात, पण बराकीचा क्रमांक पुष्कळांना पाठ असतो.

तारीख धरून ठेवा, मग दावा

हे सगळं जमवायला महिने लागतील. म्हणून पहिल्याच दिवशी 'दावा करण्याचा इरादा' नोंदवून टाका. फॉर्म २१-०९६६. त्याने पूर्ण दावा दाखल करायला एक वर्ष मिळतं आणि मंजूर झाल्यावर भरपाई साधारणपणे इराद्याच्या तारखेपासून मोजली जाते. हे न केल्यामुळे वर्षभराच्या पैशांवर पाणी सोडलेली घरं मी पाहिली आहेत.

मुख्य दावा २१-५२६ईझेड या फॉर्मवर. तो स्वतः भरता येतो, पण मान्यताप्राप्त प्रतिनिधीकडे जा असंच मी सांगेन. माजी सैनिकांच्या मोठ्या संघटनांचे आणि काउंटीच्या कचेऱ्यांतले प्रतिनिधी यासाठी पैसे घेत नाहीत. पहिल्या दाव्यासाठी फी मागण्याची कायद्याने कोणालाच परवानगी नाही, वकिलालाही नाही. कोणी "भरपाईतला काही भाग द्या, मंजूर करून आणतो" असं म्हणाला तर त्याचं नाव व्हीएच्या मान्यताप्राप्त यादीत शोधा. बहुधा सापडणार नाही.

मेसोथेलिओमासारखा आजार असेल तर सोबत २०-१०२०७ हा प्राधान्याचा अर्ज जोडा. गंभीर आजाऱ्यांचा आणि ८५ किंवा त्याहून जास्त वयाच्यांचा दावा त्याने रांगेत पुढे घेतात. या आजारात महिने मोजून मिळतात, त्यामुळे हा कागद विसरू नका.

वैद्यकीय मत आणि तपासणी

आजार आणि नोकरी यांना जोडणारं मत तुमच्या फुफ्फुसतज्ज्ञाकडून मागा. त्यात "कदाचित असू शकेल" हे शब्द उपयोगाचे नाहीत. व्हीएची कसोटी अशी : नोकरीमुळे आजार झाला असण्याची शक्यता, नसण्याच्या शक्यतेइतकी तरी आहे का? पुरावा दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर कौल माजी सैनिकाच्या बाजूने द्यावा असं कायदाच सांगतो. डॉक्टरांना त्याच भाषेत लिहायला सांगा, आणि का, हेही लिहायला सांगा : संपर्क कशाचा, किती काळ, आजार उगवायला लागलेला काळ जुळतो का, नंतरच्या नागरी नोकरीत दुसरा संपर्क होता का. नंतरची नोकरी लपवू नका. बांधकामावर वीस वर्षं काढली असतील तर ते सांगून मग नौदलातल्या संपर्काचा वाटा डॉक्टरांनी मांडावा. सिगारेटचंही तसंच. सिगारेट ओढली म्हणून अ‍ॅस्बेस्टॉसचा दावा आपोआप बाद होत नाही.

व्हीए स्वतःची तपासणीही ठरवते. तिला जाणं चुकवलं तर दावा बहुधा तिथेच पडतो. जाताना वहीचा एका पानाचा गोषवारा न्या, आणि घरच्या एकाने सोबत जावं. ही पिढी डॉक्टरांपुढे "मी ठीक आहे" म्हणते. जिना चढताना कितव्या पायरीवर थांबावं लागतं, ते सांगणारं कोणीतरी हवं.

टक्केवारी अशी ठरते : अ‍ॅस्बेस्टोसिसमध्ये एफव्हीसी अपेक्षेच्या ७५ ते ८० टक्के असेल तर १०, ६५ ते ७४ असेल तर ३०, ५० ते ६४ असेल तर ६०, आणि ५० च्या खाली १०० टक्के. डीएलसीओचे वेगळे टप्पे आहेत आणि तो जास्त बिघडलेला असेल तर त्यावरूनही वरची टक्केवारी मिळते. चालू कर्करोगाला, मेसोथेलिओमा धरून, १०० टक्के. नुसत्या चट्ट्यांना सहसा पैसे मिळत नाहीत, पण त्यांचा सेवेशी संबंध मान्य करून घेतलेला बरा. पुढे आजार वाढला तर पहिल्यापासून झगडावं लागत नाही.

नकार आला तर

पत्र शेवटपर्यंत वाचा. तीनपैकी कुठली गोष्ट मान्य झाली नाही ते त्यात लिहिलेलं असतं. किनारी तळाच्या दाव्यांत बहुधा संपर्कच अमान्य केलेला असतो. नवा पुरावा असेल तर पूरक दावा, आहे त्याच पुराव्याचा चुकीचा अर्थ लावला असं वाटत असेल तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, नाहीतर अपील मंडळ. १९ फेब्रुवारी २०१९ पासून या तीन वाटा आहेत. वर्षाच्या आत पाऊल उचललं तर जुनी तारीख शाबूत राहते.

दावा चालू असताना माणूस गेला तर त्याचा दावा त्याच्याबरोबर संपत नाही. पात्र वारसाला, आधी पत्नीला, त्याच्या जागी उभं राहता येतं, फक्त मृत्यूपासून एका वर्षाच्या आत तसं मागावं लागतं. मृत्यूच सेवेतल्या आजाराने झाला असेल तर पत्नीला स्वतंत्र मासिक भरपाईही मिळू शकते, फॉर्म २१पी-५३४ईझेड. मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून नुसतं 'हृदयक्रिया बंद' असं आलं तर फार त्रास होतो. डॉक्टरांना मूळ आजाराचं नाव लिहायला सांगा. त्या दिवसांत हे सुचत नाही, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

राहता राहिल्या कंपन्या. सेवेतल्या इजेबद्दल सरकारवर खटला करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या फेरेस खटल्यात ठरवलं. पण अ‍ॅस्बेस्टॉसचा माल बनवणाऱ्यांवर करता येतो. त्यातल्या बऱ्याच दिवाळखोरीत गेल्या, जॉन्स-मॅनव्हिल ही सर्वांत मोठी १९८२ मध्ये, आणि त्यांच्याकडून पीडितांसाठी निधी उभे राहिले. व्हीएची अपंगत्व भरपाई उत्पन्नावर ठरत नाही, त्यामुळे निधीकडून मिळालेल्या पैशाने ती कमी होत नाही. यासाठी या विषयातला वकील लागतो, आणि तो पहिल्याच भेटीत विचारेल की कुठल्या कंपनीचा माल होता. म्हणून वहीचं एक पान त्यासाठी मोकळं ठेवा : गॅस्केटच्या खोक्यावर काय छापलेलं होतं, पुडीच्या पोत्याचा रंग कुठला, त्यावर चित्र कसलं होतं.